रस्त्याला कूस दाखवणारी घरं : चार्ल्सटनची पायी फेरी

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या जुन्या वस्तीत शिरलं की आधी वाटतं, ही घरं बांधताना कुणीतरी नकाशा आडवा धरला असावा. रस्त्याकडे येते ती घराची अरुंद बाजू, जेमतेम एका खोलीच्या रुंदीची. खांब, दोन-दोन मजली व्हरांडे, सगळा थाट आतल्या अंगाला, शेजाऱ्याच्या कुंपणाकडे तोंड करून. याला इथे 'सिंगल हाउस' म्हणतात. प्रत्येक मजल्यावर एकामागे एक दोन खोल्या, मधे जिना. बस.

गाइड लोक सांगतात की रस्त्यालगतच्या रुंदीवर कर होता म्हणून घरं अशी वळवली. गोष्ट झकास आहे, पण तसा कायदा असल्याचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. खरं कारण अंगाला लागतं. जुलैच्या दुपारी इथली दमट हवा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देते. खोल अरुंद भूखंडावर घर एका कडेला सारलं, लांब बाजू दक्षिणेला किंवा पश्चिमेला केली, की समुद्राकडून येणारी झुळूक प्रत्येक खोलीतून आरपार जाते आणि व्हरांड्याच्या सावलीमुळे भिंत तापत नाही. त्या व्हरांड्याला इथे व्हरांडा म्हणायचं नाही. तो 'पिआझा', आणि स्थानिक उच्चार 'पिॲझा'. आपली पडवीच, पण दुमजली आणि घराच्या कुशीला.

आता रस्त्यावरचा दरवाजा नीट बघा. चौकट, वर काचेची पट्टी, पितळी कडी, दिसतो अगदी मुख्य दरवाजा. तो उघडतो मात्र पिॲझावर. घराचा खरा दरवाजा त्या पडवीच्या मध्यावर, जिन्यासमोर. रस्त्यावरचं दार उघडं म्हणजे या, बंद म्हणजे आज नको, असा जुना संकेत सांगतात. तरीही उघडं दिसलं म्हणून आत पाऊल टाकू नका. ही राहती घरं आहेत. दुसरा संकेत भिंतीत बांधलेला आहे: शेजाऱ्याच्या पिॲझासमोर येणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतीत खिडक्या कमी आणि लहान. दाटीच्या वस्तीत एकमेकांची आब राखायची ही रीत, तिला नावही आहे, 'नॉर्थ साइड मॅनर्स'. पिॲझाचं छत फिकट निळं दिसलं तर तो 'हेंट ब्लू'. भुताखेतांना दूर ठेवणारा रंग ही गला-गीची लोकांची, म्हणजे इथे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांची समजूत.

फेरी सकाळी ईस्ट बे स्ट्रीटवरून सुरू करावी. ७९ ते १०७ क्रमांकांची तेरा घरं म्हणजे 'रेनबो रो'. त्यांची तोंडं पूर्वेला, त्यामुळे फोटोला सकाळचंच ऊन हवं. दुपारनंतर दर्शनी भिंती सावलीत जातात. ही सिंगल हाउसं नव्हेत, एकमेकांना खेटलेली व्यापाऱ्यांची घरं आहेत: खाली दुकान, वर बिऱ्हाड. दारू प्यालेल्या खलाशांना आपलं घर ओळखता यावं म्हणून हे रंग, ही आणखी एक लोणकढी. रंग १९३० च्या दशकातले आहेत. डोरोथी लेग यांनी १९३१ च्या सुमारास इथलं घर घेऊन गुलाबी रंगवलं आणि शेजाऱ्यांनी री ओढली. त्याच १९३१ मध्ये शहराने जुन्या वस्तीच्या जतनाचा नियम केला, अमेरिकेतला असा पहिला.

तिथून दक्षिणेला 'बॅटरी'पर्यंत, म्हणजे शहराच्या टोकाच्या समुद्रकाठच्या बंधाऱ्यापर्यंत जा, आणि परतताना चर्च स्ट्रीट, ट्रॅड स्ट्रीट. माझं मन ट्रॅडवरच रमतं. बॅटरीवरचे वाडे भव्य आहेत, पण सिंगल हाउस समजतं ते इथे.

भिंतीवर मजल्यांच्या पातळीला लोखंडी चकत्या किंवा फुल्या दिसतील. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपानंतर फुगलेल्या भिंती आवरण्यासाठी मजल्यांच्या लाकडी तक्तपोशीखालून एका भिंतीपासून दुसरीपर्यंत लोखंडी गज घातले आणि मधल्या आटेदार जोडाने पिळून ताणले. बाहेरची चकती म्हणजे त्या गजाचं टोक. पुढच्या भूकंपात हे गज कितपत टिकतील याबद्दल इंजिनिअर साशंक आहेत.

मग भिंतीच्या अगदी जवळ जा. जुनी वीट मऊ, दरजा चुन्याच्या. चुना श्वास घेतो: ओल आणि समुद्राचा खार दरजेतून बाहेर पडतो. कुणी त्या खरवडून सिमेंट भरलं की ओलीला वाट उरते ती विटेतूनच. खार विटेच्या आत साचतो, तोंडाचा पापुद्रा उडतो, आणि काही वर्षांनी राखाडी सिमेंट जाळीसारखं पुढे आलेलं, विटा आत खचलेल्या. एकदा ओळखलं की असं प्रत्येक गल्लीत दिसतं. काही विटांवर बोटांचे ठसेही सापडतात. त्या गुलामांनी, त्यांच्या मुलांनी पाडलेल्या विटा आहेत.

म्हणून एकच घर आतून बघायचं असेल तर मी ४८ एलिझाबेथ स्ट्रीटचं आयकेन-रेट हाउस सांगेन. ५१ मीटिंग स्ट्रीटच्या नॅथॅनियल रसेल हाउसचा (१८०८) आधाराशिवाय वर चढणारा वळणदार जिना अप्रतिम आहे, पण ते घर झळाळतं केलेलं. आयकेन-रेट सापडलं तसंच राखलंय: सोललेला वॉलपेपर, आणि मागच्या अंगणात स्वयंपाकघर, तबेला आणि वर गुलामांच्या खोल्या. समोरचा पिॲझा कुणाच्या कष्टावर गार राहत होता ते या अंगणात कळतं.

मार्च-एप्रिल उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरही चांगले, पण तेव्हा उधाण मोठं असतं. निघण्याआधी चार्ल्सटन हार्बरचं भरतीचं कोष्टक बघा. आकडा ७ फुटांवर गेला की पाऊस नसतानाही सखल रस्त्यांवर पाणी येतं. भरतीत पाऊस पडला तर गटारं समुद्रात रिकामी होऊ शकत नाहीत, उलटी वाहतात. त्या पाण्यातून गाडी घालू नका, ते खारं असतं. सखल रस्ते बहुधा बुजवलेल्या खाड्यांवर आहेत. चर्च स्ट्रीट दक्षिण टोकाजवळ जिथे वाकतो, तिथला आडवा वॉटर स्ट्रीट ही अशीच एक खाडी.