सँ-क्लोद: ब्रायर पाइप घडवणारं गाव

दोलहून सुटणारी छोटी गाडी ज्युराच्या डोंगरात शिरते, मोरेझजवळचे उंच कमानी पूल ओलांडते आणि बिएन व ताकों नद्यांच्या संगमावर सँ-क्लोदला पोचते. फ्रान्समधलं हे गाव अरुंद दरीत कड्यांना धरून वसलेलं आहे. इथल्या मठात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी कातारी बॉक्सवूडच्या जपमाळा घडवत. पुढे तंबाखू ओढायचे पाइपही घडू लागले, पण साधं लाकूड लवकर जळे. १८५०च्या दशकात ब्रायर हे लाकूड आलं आणि गावाचं नशीब पालटलं.

ब्रायर म्हणजे भूमध्य सागराकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाची, मूळ आणि खोड यांच्या सांध्यावर वाढणारी गाठ. कॉर्सिका, कॅलाब्रिया इथून ती येते. खणल्यावर ती ओलीच ठेवावी लागते, नाहीतर तडकते. करवतीने ठोकळे पाडून तांब्याच्या कढईत ते तासन्‌तास उकळले की आतला कडू रस निघून जातो. मग सावलीत महिनोन्‌महिने वाळवण. इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

कारखान्यात माझी नजर खिळली ती भोकांवर. तंबाखूची वाटी सुमारे २० मिलिमीटर रुंद, धुराची नळी साधारण ४ मिलिमीटर. नळी वाटीच्या अगदी तळाशीच उघडायला हवी. वर उघडली तर तळात ओलसर, अर्धवट जळलेली तंबाखू साचते आणि ओढताना गुरगुर होते. खाली गेली तर तळाला खाच पडून लाकूड पातळ होतं. विकत घेताना पाइप-क्लीनर, म्हणजे नळी साफ करायची मऊ तार, आत सरकवा, टोक कुठे निघतं ते दिसेल.

लाकडातली खडे-वाळूची पोकळी मात्र कातताना अचानक समोर येते. बाहेरून ओळखायचा उपाय नाही. कारागीर ओलं फडकं फिरवून, उजेडात धरून निर्णय घेतो. बारीक खड्डा पुट्टीने भरतात, मोठा असेल तर वाळूच्या फवाऱ्याने पृष्ठभाग खडबडीत करतात, नाहीतर पाइप बाद. पुट्टी रंग नीट धरत नाही, काही वर्षांनी ठिपका उठून दिसतो. त्यामुळे जाड, गडद रंगाखालच्या पाइपपेक्षा फिकट रंगात लाकडाच्या सरळ रेषा दाखवणारा पाइप महाग असतो, आणि ती किंमत मला रास्त वाटते.

१९६६ साली इथे पाइप-कारागिरांचा संघ स्थापन झाला. कॅथेड्रलजवळचं संग्रहालय पाइप आणि हिरे या गावच्या दोन्ही धंद्यांचं आहे. कारखाने आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्यांत शाकोम हे जुनं नाव टिकून आहे. कारागिरीला दाद द्यावी, पण धूर न गिळताही तोंडाचा कर्करोग होतो, हे विसरू नये.

तोंडात धरायची नळी एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, असेल तर दातांना मऊ लागते, पण उन्हात हिरवट-तपकिरी पडते. अॅक्रिलिकची चमक टिकते, दातांना ती कडक. कोणतीही असो, पाइप गरम असताना ती काढू नका, जोडाशी लाकूड चिरतं. थंड झाल्यावर हळूहळू पिळत काढा.