कागदाचा ऑल्ड्रिन आणि तीन हेल्मेटं

भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, म्हणून कागदाचा अंतराळवीर बनवायचं काम अंगावर घेतलं. भाचीनं ऐनवेळी थर्माकोलची सूर्यमाला नेली आणि माझा अंतराळवीर बिनडोक्याचा टेबलावर पडून राहिला. त्याला डोकं बसायला पुढे दीड महिना गेला.

जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँगनं चंद्रावर काढलेला, सोबत उतरलेल्या बझ ऑल्ड्रिनचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. समोरून घेतलेला, डावा हात कोपरात वाकलेला, हेल्मेटच्या सोनेरी काचेत समोरचं सगळं उमटलेलं. तोच माणूस कागदात उभा करायचा होता. प्रमाण एकास दहा, म्हणजे उंची साधारण १८ सेंटिमीटर.

कापून चिकटवायच्या भागांची पहिली छपाई हौसेनं चकचकीत फोटो पेपरवर केली. अंतराळवीर कसला, लग्नातला बँडवाला दिसायला लागला! मग वाचलं, की त्या सुटाचं बाहेरचं कापड काचतंतूंचं होतं, टेफ्लॉनचा लेप दिलेलं. १९६७ मध्ये अपोलो १ च्या यानात आग लागून तीन अंतराळवीर गेले, त्यानंतर न पेटणारं म्हणून ते वापरात आलं. दिसायला ते पांढरं, पण मंद. साधा १६० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम भरणारा) कार्ड पेपर त्याच्या बराच जवळ जातो आणि स्वस्तही पडतो.

दुसऱ्या खेपेला झेरॉक्सवाल्यानं काही पानं मूळ मापात छापली आणि काही ‘पानात बसवून’. कमरेचं नळकांडं मांड्यांवर चढेना तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आता पहिल्या पानावर पट्टी ठेवून मोजल्याशिवाय दुकानातून हलत नाही.

घड्यांसाठी संपलेली रिफील, कापायला कटर, चिकटवायला टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच फेविकोल. हात-पाय जमले, पण ते पाइपासारखे गुळगुळीत, आणि खरा सूट तर चुरगळलेला. शेवटी नळकांडी चिकटवण्याआधी कागद गुडघ्या-कोपराच्या जागी किंचित ओला करून मुठीत दाबला. निम्मा जिवंतपणा त्या सुरकुत्यांनी आणला. बाकीचा शिसपेन्सिलीच्या भुकटीनं : गुडघे आणि बूट बोटानं मळवले. चंद्राची धूळ करडी असते, त्यामुळे रंग शोधायला लागला नाही. छातीवरच्या नळ्यांसाठी बारीक तारेवर कागदी पट्टी गुंडाळली. ऑक्सिजन आत येतो तिथली जोडणी निळी, बाहेर जातो तिथली लाल. हे उलट केलं होतं, सोडवून परत लावलं.

हेल्मेटनं मात्र रडवलं. कागद एका दिशेला वाकतो, दोन्ही दिशांना एकदम वाकत नाही. गोल करायचा तर पाकळ्या कापायच्या. सहा पाकळ्यांचं पहिलं हेल्मेट आकाशकंदिलासारखं कोनाकोनाचं झालं. बारा पाकळ्यांच्या दुसऱ्याला शेंड्यावर भोक राहिलं. तिसऱ्याच्या वेळी प्रत्येक पाकळी ओलसर करून तळहातावर ठेवली आणि चमच्याच्या पाठीनं घोटली, मग आतून चिकटवली. काचेला दिवाळीच्या कंदिलातला उरलेला सोनेरी कागद लावला. खऱ्या काचेवर सोन्याचाच पातळ थर होता, सूर्याची उष्णता परतवायला.

पाठीवरची पेटी, म्हणजे ऑक्सिजन पुरवणारी, सोपी. खरी ६६ सेंटिमीटर उंच, म्हणून माझी साडेसहा. अडचण वेगळीच होती. समोरच्या फोटोत पाठ दिसत नाही आणि अँटेनाचं टोक तर फोटोच्या चौकटीतच कापलं गेलंय. मग ऑल्ड्रिन शिडीवरून उतरतानाचे फोटो शोधले, त्यात पाठ नीट दिसते.

पेटी लावली आणि पठ्ठ्या धाडकन मागे पडला. बुटांत सायकलचे नट भरले, तरी पडायचा. भाची बघत होती.

“मामा, तू त्याला सरळ का उभा करतोयस? फोटोत तो पुढे झुकलाय.”

खरंच झुकलेला आहे. सूट आणि पेटी मिळून पृथ्वीवर ८० किलोच्या वर भरायचं. चंद्रावर वजन एक षष्ठांश होत असलं तरी पेटीचा भार मागेच, त्यामुळे तोल सांभाळायला चालताना-उभं राहताना अंतराळवीर थोडे पुढे वाकायचे. मी घोट्यातून कागद दोन मिलिमीटर कापला, नट राहू दिले. उभा राहिला!

“आणि काचेतला दुसरा माणूस कुठंय?”

तोवर रात्रीचे साडेअकरा वाजले होते. काळ्या मार्करनं सोनेरी कागदावर मुंगीएवढा आर्मस्ट्राँग काढला. थोडा तिरका आलाय, पण चौथं हेल्मेट करायची माझी तयारी नव्हती.