तुम्ही विचारलंत म्हणून: राणीचा चित्रकार तुरुंगात कसा?

निकोलस हिलियर्डचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, 'पहिल्या एलिझाबेथ राणीचा हा चित्रकार, मग म्हातारपणी कर्जापायी तुरुंगात कसा गेला?' तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

हिलियर्ड मुळात सोनार. १५४७च्या सुमारास एक्सेटरला सोनाराच्या घरी जन्मला. लंडनमध्ये राणीचे जवाहिरे रॉबर्ट ब्रँडन यांच्याकडे त्याने उमेदवारी केली आणि पुढे तो त्यांचाच जावई झाला. लघुचित्रांत आपण हॉल्बाइनच्या, म्हणजे आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या जर्मन चित्रकाराच्या, पद्धतीने गेलो असं तो सांगतो, पण हात सोनाराचाच राहिला. वासराचं पातळ कमावलेलं कातडं पत्त्याच्या पानावर चिकटवायचं आणि त्यावर खारीच्या केसांच्या कुंचल्याने तळहातात मावेल एवढा चेहरा रंगवायचा. झालरीच्या गळपट्टीसाठी पांढरा रंग इतका जाड ठेवायचा की तिची खरीखुरी सावली पडावी. सोन्याची पूड लावून लहानशा प्राण्याच्या दाताने ती घोटायची. माणकासाठी आधी चांदी घोटून चकचकीत करायची आणि तापलेल्या सुईने तिच्यावर रंगीत राळेचा थेंब बसवायचा. काम करताना कपडे रेशमी हवेत, कोंडा पडता कामा नये, चित्रावर बोलू नये, कारण थुंकीचा एक कण पुरतो. हे सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. मला ते पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं.

त्याच लिखाणात तो म्हणतो की ही कला फक्त खानदानी माणसांनीच करावी. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. राहणी दरबाऱ्याची आणि कमाई कारागिराची, हा मेळ त्याला आयुष्यभर बसला नाही. ठरावीक वर्षासन, ४० पौंडांचं, त्याला मिळालं तेसुद्धा १५९९ साली. त्याने काढलेल्या राणीच्या पहिल्या ज्ञात लघुचित्राला तेव्हा २७ वर्षं झाली होती! मधल्या काळात त्याने स्कॉटलंडच्या सोन्याच्या खाणीत पैसे घातले, ते बुडाले. चीपसाइडजवळच्या गटर लेनमध्ये त्याचं दुकान होतं आणि दरबाराबाहेरची गिऱ्हाइकंही तिथे यायची, तरी हातात पैसा टिकत नसे.

उरलेलं अर्धं उत्तर सावलीत आहे. राणी चित्रासाठी बसली तेव्हा तिने बागेतली मोकळी वाट निवडली, जवळ झाड नाही, सावली नाही. हिलियर्डलाही ते पटलं. त्याच्या मते चित्राचं सत्य रेषेत असतं. 'गुलाबांमधला तरुण' पाहा, साधारण १५८७चं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं. वीतभरही नाही, पण झाडाला टेकलेल्या त्या उंच मुलाची सगळी ऐट रेषेने पेललीय. १६०३ साली राणी गेली आणि दरबाराची आवड बदलली. हिलियर्डचाच शिष्य आयझॅक ऑलिव्हर गालाला, कपाळाला सावलीने उठाव द्यायचा. नव्या राजाच्या, जेम्सच्या, राणीने, अ‍ॅनने, १६०५ साली त्यालाच आपला चित्रकार नेमलं. ऑलिव्हर थोर होताच. पण एवढ्याशा जागेत बोलकी रेषा ओढणं मला जास्त अवघड वाटतं, म्हणून माझं माप गुरूच्या पारड्यात.

आता तुरुंगाचं. १६१७ साली राजा जेम्सने हिलियर्डला राजघराण्याच्या प्रतिमांचा बारा वर्षांचा मक्ता दिला. त्याच वर्षी, सत्तरीच्या घरात, तो लंडनमधल्या लडगेटच्या तुरुंगात गेला. ते कर्ज त्याचं स्वतःचं नव्हतंच. दुसऱ्याला जामीन राहिला होता, आणि ऐन वेळी भरायला जवळ काही नव्हतं.

तो सुटला. जानेवारी १६१९मध्ये वारला, तेव्हा त्या मक्त्याची दोन वर्षंही भरली नव्हती. मृत्युपत्रात गावकीतल्या गरिबांना २० शिलिंग, दोघी बहिणींना मिळून ३०, मोलकरणीला काही सामान, आणि बाकी सारं मुलाला, लॉरेन्सला. लॉरेन्सही लघुचित्रंच काढायचा.