सतरा खंड घ्यायचे की नाही?

भाचीने ‘मावशी, हे घेऊन दे ना’ म्हणून ‘लव्हली कॉम्प्लेक्स’ या मांगाचं, म्हणजे जपानी चित्रकथेचं, नाव काढलं, तेव्हा मी आधी खंड किती ते पाहिलं. १७! एखादं पुस्तक आवडो न आवडो, घेऊन टाकता येतं. सतरा खंडांना मात्र खिसाही लागतो आणि कपाटात जागाही. म्हणून तिला म्हटलं, थोडे मागवू, मी वाचते, मग बघू. तोंड वाकडं करत का होईना, कबूल झाली.

तिची अट एवढीच होती की गोष्ट हलकीफुलकी हवी. पण नुसतं ‘शोजो’, म्हणजे मुलींसाठीची मांगा, म्हटल्याने ते कळत नाही. अशा मांगांच्या मासिकांत प्रेमकथा येतात तशा भयकथा येतात, राजेरजवाड्यांच्या गोष्टीही येतात. आया नाकाहारा यांची ही मालिका २००१ ते २००६ या काळात ‘बेस्सात्सु मार्गारेट’ या मासिकातून आली, तिला शोगाकुकान मांगा पुरस्कारही मिळाला. पुरस्काराने मी फारशी हुरळत नाही, आणि पहिल्या खंडानेही नाही. मासिकातल्या गोष्टीचं पहिलं प्रकरण वाचकाला धरून ठेवायला जीव तोडून केलेलं असतं. ते चांगलं निघालं तर विशेष काही नाही. वाईट निघालं तर मात्र तिथूनच रामराम.

इथे ते चांगलंच निघालं. ओसाकातली शाळा. रिसा कोइझुमी १७२ सेंटिमीटर उंच, आत्सुशी ओतानी १५६. वर्गात दोघांची सतत जुंपलेली असते आणि मास्तर त्यांना ‘ऑल हान्शिन-क्योजिन’ म्हणून मोकळे होतात. ही ओसाकाची खरीखुरी विनोदी जोडी, एक बुटका आणि एक ताडमाड. मानझाई हा तिकडचा रंगमंचावरचा प्रकार: एकाने वेडपटासारखं काहीतरी बोलायचं, दुसऱ्याने लगेच हाणून पाडायचं. बतावणी ऐकलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. रिसाला सुझुकी आवडतो, ओतानीला चिहारू. दोघं एकमेकांना मदत करायचं ठरवतात, आणि ते सुझुकी-चिहारूच एकमेकांच्या प्रेमात पडतात. आता उरले हे दोघे, भांडायला.

मी चित्रांकडे मुद्दाम नीट बघितलं. शोजोमधली नायिका बहुतेक वेळा रडतानाही सुंदर दिसते. रिसा दिसत नाही. चिडली की तिचे ओठ लोंबतात, डोळ्यांचे नुसते ठिपके होतात, नाकपुड्या फुगतात. पुढच्याच चौकटीत ती पुन्हा चांगली दिसते. नायिकेला इतकं बिनधास्त कुरूप काढणाऱ्या लेखिकेवर माझा विश्वास बसला. शिवाय दोघांच्या उंचीत इतका फरक, की शेजारी शेजारी उभे केले तर दोन चेहरे एका अरुंद आडव्या चौकटीत नीट मावायचे नाहीत. म्हणजे कोण वाकलंय, कोण टाचा उंचावतंय, कोण बसलंय, याकडे आपलं लक्ष आपोआप जातं.

उंचीचं म्हणाल तर आपल्याकडेही बायोडेटात मुलीच्या उंचीचा आकडा आधी वाचतात, आणि मुलगा चार बोटं कमी भरला की ‘बाकी सगळं छान आहे हो’ म्हणून स्थळ परत जातं. त्यामुळे रिसाचं अवघडणं मला समजावून घ्यावं लागलं नाही.

खरी कसोटी पुढे होती. अशा मालिकेत प्रेम गंभीर झालं की विनोदाचा जीव जातो, आणि मग उरतात पावसातल्या आसवांची पानं. इथे रिसाला कळतं की आपल्याला ओतानीच आवडतो. ती धीर करून सांगते, आणि त्या गाढवाला ते आधी समजतच नाही. समजतं तेव्हा तो नकार देतो. तिचं दुखणं खरं वाटतं, तरी विनोद थांबत नाही, कारण तो दोघांच्या स्वभावातून येतो. ती रडतारडताही त्याच्यावर खेकसते, आणि तोही गप्प बसत नाही. हे वाचून झालं तेव्हा पुढचे खंड घ्यायचं मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

खटकलंही बरंच. दोघांचं जमल्यावर मालिका रेंगाळते. नवा माणूस आणायचा, गैरसमज करायचा, मिटवायचा. रिसा जिथे काम करते तिथला कोहोरी येतो तेव्हा तर मी सरळ पानं उलटली. सेइकोचं प्रकरणही आज थोडं जुनं वाटतं. मुलगी म्हणून वावरणारी ही धाकटी विद्यार्थिनी जन्माने मुलगा आहे हे उघड होतं, तेव्हाचे विनोद मला नाही रुचले. पण मंडळी तिला नंतरही आपल्यातलीच मानतात, आणि तिचा आवाज फुटू लागतो तो भाग लेखिकेने हळुवारपणे हाताळलाय. भाचीला सगळ्यांत सेइकोच आवडली. कोहोरीबद्दल मात्र आमचं एकमत.

शेवटी असं ठरलं: सोळा खंड घ्यायचे. गोष्ट तिथे शाळेबरोबर संपते. सतराव्यात नुसत्या जोडकथा आहेत, तो तिने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घ्यावा. यावर अजून वाटाघाटी चालू आहेत.