"लावून दाखवू का?" : तुर्भे आणि वाशी, दोन जुने कॉम्प्युटर

दोन शनिवारांपूर्वी नवी मुंबईत तुर्भे आणि वाशी अशी फेरी केली. येताना एक बीबीसी मायक्रो आणि एक स्पेक्ट्रम प्लस, असे ऐंशीच्या दशकातले दोन ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर घेऊन आले. दोन्ही मशीन मी विकत घेताना चालू करून बघितली नाहीत, आणि समोरच्यालाही करू दिली नाहीत. जुना टीव्ही, मिक्सर, पंखा घेताना आपण "लावून दाखवा" म्हणतो, ते बरोबरच आहे. पण चाळीस वर्षांचा घरगुती कॉम्प्युटर त्या एका "लावून दाखवा"ने कायमचा जाऊ शकतो. या नादाला नव्याने लागलेल्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवावं, म्हणून हे लिहितेय.

आधी जाण्याचं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाची वाशी लोकल पकडली की तुर्भे आणि वाशी दोन्ही एकाच वाटेवर येतात. रविवारी मेगाब्लॉक असू शकतो, आणि शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. त्यामुळे शनिवार सगळ्यात सोयीचा. सकाळी नऊच्या आत निघू नका, त्या गर्दीत रिकाम्या हातानेही चढता येत नाही. जाताना पिशवीत मल्टिमीटर, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि दोन जुन्या सुती चादरी असू द्या.

तुर्भे स्टेशनवरून रिक्षाने एमआयडीसीतल्या एका भंगाराच्या गोदामात गेले. तिथल्या दादांशी माझी दोन वर्षांची ओळख आहे. शाळा, लहान कंपन्या आणि बंद पडलेले क्लासेस यांचा माल त्यांच्याकडे येतो. त्यांनी फोनवर "टाईपरायटरसारखा कॉम्प्युटर आलाय, लाल बटनं आहेत" एवढंच सांगितलं होतं. वरच्या रांगेत लालसर फंक्शन की म्हणजे बीबीसी मायक्रो, हे तेव्हाच कळलं. आपल्याकडे ही मशीन दिसतात त्याला कारण आहे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक साक्षरता योजना सुरू केली आणि तिच्यासाठी बीबीसी मायक्रो निवडला. पुढे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने तो 'युनिकॉर्न' या नावाने इथेच बनवला. माझ्या वाट्याला आलेल्या मशीनच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने 'क. ७' असं लिहिलेलं आहे. ते मी पुसणार नाही.

दादांनी एक्स्टेंशन बोर्ड हातात घेतला आणि विचारलं, "ताई, लावून दाखवू का? वायर आहे."

"नको दादा, आधी उघडते."

बीबीसी उघडणं सोपं असतं. चार स्क्रू, दोन मागे आणि दोन खाली, आणि त्यांच्या शेजारी इंग्रजीत 'फिक्स' असं छापलेलं असतं. ते काढले की वरचं झाकण उचललं जातं. आत सगळ्यात आधी बघायचं ते सॉकेटमध्ये बसवलेल्या चिपा जागेवर आहेत का. भंगाराच्या साखळीत कोणी ना कोणी सोन्यासाठी चिपा उपटतो, आणि ज्या सॉकेटमध्ये असतात त्या आधी जातात. बीबीसीच्या रॉमच्या चिपा (ज्यांत मशीनचे कायमचे प्रोग्रॅम असतात) कीबोर्डच्या खाली उजवीकडे दडलेल्या असतात, त्यामुळे कीबोर्डचे बोल्ट सोडवून तो जरा वर उचलावाच लागतो. माझ्या मशीनमध्ये प्रोसेसर होता, ऑपरेटिंग सिस्टिमची रॉम होती, बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची रॉम होती. दोन जागा रिकाम्या होत्या, पण त्या बहुतेक पहिल्यापासूनच रिकाम्या असाव्यात, कारण सॉकेटच्या भोकांत धूळ एकसारखी भरलेली होती. हाताने काढलेल्या चिपेच्या जागी धूळ अशी सपाट नसते.

मग पॉवर सप्लायचा डबा. मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, वाटेवर दोन फिल्टर कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात, पिवळसर पारदर्शक कव्हराचे. वर्षानुवर्षांनी त्या कव्हरला बारीक चिरा पडतात, चिरांतून दमट हवा आत शिरते आणि कागदी थर ओलावा धरतो. आपल्याकडे तर खाडीची हवा आणि चार महिने पावसाळा. मशीन लावलं की पाच मिनिटांनी म्हणा, वीस मिनिटांनी म्हणा, कपॅसिटर फुटतो आणि खोलीभर जळका, चिकट धूर होतो. हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या पहिल्या बीबीसीचं हेच झालं. लावलं मीच, उत्साहाच्या भरात, आईच्या घरी. मशीन वाचलं, पण पडद्यांचा वास आठवडाभर गेला नाही. तुर्भ्याच्या मशीनच्या डब्याच्या फटीतून टॉर्च मारला तर चिरा स्पष्ट दिसत होत्या.

भावाचं. दादांनी मोबाईलवर परदेशी साईटवरची किंमत दाखवली आणि बारा हजार म्हणाले. हे आता सगळीकडे होतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. फक्त मागितलेला भाव आणि विकला गेलेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात, ते फिल्टर लावून त्यांना शांतपणे दाखवा. शिवाय ते भाव तपासलेल्या, चालू मशीनचे असतात. माझा हिशोब असा असतो : चालू मशीनला मी जास्तीत जास्त किती देईन तो आकडा मनात धरायचा, त्याचा निम्मा करायचा, कारण न लावता घेतेय म्हणजे बंद समजूनच घेतेय. मग जे नाही त्याचे पैसे वजा करायचे, म्हणजे केबल, मॅन्युअल, फ्लॉपी ड्राईव्ह, तुटलेली की. साडेपाच हजारांना सौदा झाला. "बंद म्हणून घेतेय, परत आणणार नाही" हे वाक्य भाव उतरवायला जितकं उपयोगी पडतं तितकं दुसरं काही पडत नाही. आणि ते पाळायचं असतं.

गोदामात खोकाभर सव्वापाच इंची फ्लॉप्याही होत्या. मी चारच उचलल्या. पाकिटातल्या खिडकीतून चकतीवर पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी असते, आणि अशी फ्लॉपी ड्राईव्हमध्ये घातली की हेडही खराब होतं आणि पुढची प्रत्येक फ्लॉपीही.

दुपारी वाशी. रिक्षानेच गेले, कारण बीबीसी चादरीत गुंडाळूनही बॅकपॅकमध्ये मावत नाही. (गुंडाळताना मशीनची स्वतःची वायर त्याच्याभोवती कधी लपेटू नका. वायरच्या मऊ प्लॅस्टिकमधला तेलकट अंश केसच्या प्लॅस्टिकला खातो आणि कायमचा चर पडतो.) स्पेक्ट्रमवाले काका सत्तरीचे, निवृत्त इंजिनीअर. काकूंनी आधी कोकम सरबत दिलं, मग काकांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून खोकं काढलं. स्पेक्ट्रम प्लस, डेसिबेल्स कंपनीचा. सिंक्लेअरच्या परवान्यावर १९८६ पासून तो भारतात विकला जात होता. आत ४८ के मेमरी, साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर. सोबत सात कॅसेट (याचे प्रोग्रॅम साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर असत), प्रत्येकीवर निळ्या शाईत काकांचं अक्षर. एकीवर 'पाढे, १९८७'.

"थांब, तुला लावूनच दाखवतो," म्हणत काकांनी टीव्हीमागे हात घातला. मूळ अडॅप्टर हरवला होता, म्हणून त्यांनी राऊटरचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर शोधून ठेवला होता. पिन बरोबर बसत होती. मी त्यांचा हात अक्षरशः धरला.

"काका, एक मिनिट. आधी बघू दे मला."

अडॅप्टरच्या पाठीवर छोटी खूण असते, मधला ठिपका आणि भोवती अर्धगोल. राऊटरच्या अडॅप्टरवर मधे अधिक होतं. स्पेक्ट्रमला मधे उणे लागतं. पिन बसते, व्होल्टही तेच, आणि तरीही उलटा प्रवाह जाऊन मशीन खलास. काकांनी चष्मा वर करून ती खूण बघितली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, मी आयुष्यभर वायरिंगच केलं."

तो अडॅप्टर बरोबर असता तरी मी लावू दिला नसता. ४८ के स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ के मेमरीत ४११६ जातीच्या आठ चिपा असतात. त्यांना तीन व्होल्टेज लागतात : अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. कपॅसिटर सुकून उणे ५ गायब झालं आणि १२ चालूच राहिलं, तर चिपा जळतात. कमोडोर ६४ हा त्याच काळातला दुसरा कॉम्प्युटर घेणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं. त्याचा मूळ पॉवर सप्लाय म्हातारा झाला की पाच व्होल्टच्या जागी जास्त देऊ लागतो आणि मेमरी घेऊन जातो. आधी मल्टिमीटरने मोजायचं, नाहीतर सरळ नवा सप्लाय घ्यायचा.

काकांनी स्वतःहून भाव सांगितला नाही. अशा वेळी आपण आकडा सांगावा, आणि तो पाडून सांगू नये. मी सहा हजार म्हटलं. गोदामातल्या हिशोबापेक्षा जास्त होतं, पण चाळीस वर्षं कोरड्या कपाटात ठेवलेलं, मूळ खोक्यातलं, मॅन्युअलसकटचं मशीन आणि भंगारातलं मशीन यांना एकच तराजू लावणं मला पटत नाही. कॅसेटचे पैसे काकांनी घेतले नाहीत. मी त्यांना शब्द दिला की आधी त्या उतरवून घेईन, मगच दुसरं काही.

घरी आल्यावरचं थोडक्यात. बीबीसीचे दोन्ही फिल्टर कपॅसिटर बदलले, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी, एक्स-२ वर्गाचेच, म्हणजे मेन्सवर लावण्यासाठी बनवलेले. साधे घालू नका. सप्लायच्या आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट धरून असतो, तेव्हा ज्याला मेन्सची सवय नाही त्याने हे काम जाणत्याकडून करून घ्यावं. मग चालू केलं आणि एक लांब खालचा सूर, पाठोपाठ एक छोटा वरचा. नुसता एकच सूर लांबत राहिला असता तर मशीन सुरुवातीलाच अडकलंय असा अर्थ होता.

स्पेक्ट्रमने वेळ घेतला. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, योग्य सप्लाय जोडला, तरी पडद्यावर उभ्या पट्ट्या. ४११६ च्या पिनांवर मोजलं : पिन १ ला उणे ५ हवं, ८ ला १२, ९ ला ५, आणि १६ जमीन (ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्ट). पिन ८ वर १२ नव्हतेच. या मशीनचा टीआर-४ ट्रान्झिस्टर नेहमीचा आजारी, तो बदलला. बारा आले, पण एक मेमरी चिप बोट ठेववेना इतकी तापली. ती काढताना पाय कापून, एकेक पाय वेगळा सोल्डर सोडवून काढावा, अख्खी उपटायला गेलं तर बोर्डावरची तांब्याची रेघ निघते. जागी सॉकेट, त्यात दुसरी चिप. सुट्या भागांसाठी अजूनही मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, पण जुन्या मेमरी चिपा मी ऑनलाइनच मागवल्या. टीव्हीची जोडणी मॉड्युलेटर (चित्र टीव्ही चॅनलवर पाठवणारा डबा) टाळून सरळ कॉम्पोझिट, म्हणजे टीव्हीच्या व्हिडिओच्या भोकात केली, कारण नव्या टीव्हीला चॅनल ३६ शोधताना फार त्रास होतो. कीबोर्डच्या मेंब्रेनची (कींच्या खालच्या पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्याची) शेपटी वाळून तुटायला आली होती. नवं मेंब्रेन मिळतं, जुनं चिकटवत बसू नका.

गुरुवारी रात्री पडद्यावर खाली ती ओळ आली, © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. काकांना व्हिडिओ कॉल लावला.

"पाढे लाव," ते म्हणाले.

कॅसेटच्या टेपवर कडेला बुरशीची पुसट रेघ होती. ती आधी पूर्ण पुढे-मागे फिरवून, हेड आणि रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत साफ केली होती. पहिल्या दोन वेळा 'टेप लोडिंग एरर' आला. टेपरेकॉर्डरच्या हेडचा छोटा स्क्रू आवाज सगळ्यात तीक्ष्ण ऐकू येईपर्यंत केसभर फिरवला. तिसऱ्यांदा पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या रेघा धावल्या आणि थांबल्या. प्रोग्रॅमने नाव विचारलं. काकांनी फोनवरून मुलीचं नाव सांगितलं, मी टाईप केलं, आणि नऊचा पाढा एकेक ओळ करून खाली उतरू लागला. काकू मागून काकांच्या बरोबरीने मोठ्याने म्हणत होत्या.