चाळीस फुटी ट्रेलर मागे घेताना

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, गेट चौदा फूट रुंद आहे. कंटेनर आठ फूट. म्हणजे हिशेबाने दोन्हीकडे तीन-तीन फूट मोकळे राहतात. पहिल्यांदा त्या गेटातून ट्रेलर उलटा आत घ्यायला बसलो तेव्हा उजव्या आरशात नुसती कंटेनरची भिंत दिसत होती, डाव्या आरशात रस्त्याकडेची बाभूळ. डावा खांब कुठल्याच आरशात नव्हता. क्लच थोडा सोडला, गाडी मागे सरकली आणि विटा पडल्याचा आवाज आला.

मला गाडी शिकवणारे उस्ताद खाली उभे होते. ओरडले नाहीत. केबिनच्या दाराशी येऊन एवढंच म्हणाले, "उतरून पाह्यलं होतं काय?"

नव्हतं पाहिलं. मागे दोन टिप्पर अडकले होते, हॉर्न वाजत होते, मला घाई झाली होती. खांबाचे पैसे दोन पगारांतून कटले. ते मी कबूल केलं, कारण चूक माझीच होती. पण त्या रात्री झोप आली नाही. पुढचे चार महिने मी मनापासून एकच गोष्ट शिकत होतो, गाडी मागे घेणं.

आमची शेती चार एकर, कापूस आणि तूर. ट्रॅक्टर मी शाळेत असल्यापासून पाहत आलो, पुढे चालवायलाही लागलो. हलक्या गाडीचं लायसन काढलं. ट्रान्सपोर्टचं काढायचं तर हलक्याला एक वर्ष व्हावं लागतं आणि वय वीस पूर्ण लागतं, तेवढा काळ थांबलो. परीक्षा साध्या ट्रकवर दिली आणि पास झालो. मग मावशीचे दीर, ज्यांना आम्ही सगळे उस्तादच म्हणतो, त्यांनी मला ट्रेलरवर सोबत घेतलं. नागपूरहून रिकामा कंटेनर आणायचा, जिनिंगमध्ये रुईच्या गाठी भरायच्या आणि परत न्यायचा. रस्ता हैदराबादचा. 2010 साली त्याचा नंबर बदलून 44 झाला, पण आमच्याकडची जुनी माणसं अजून त्याला 'सात नंबर'च म्हणतात. त्या रस्त्यावर ट्रेलर पुढे हाकणं मला आठवडाभरात जमलं.

मागे घेणं मला येतं असं मला वाटत होतं. दोन चाकी ट्रॉली मी कित्येकदा खळ्यात उलटी लावली होती. पण त्याच सवयीने घात केला. ट्रॅक्टरची ट्रॉली आखूड असते. स्टेअरिंग फिरवलं की ती लगेच ऐकते, बिघडली तरी लगेच कळतं. चाळीस फुटी ट्रेलर उशिरा ऐकतो. तुम्ही स्टेअरिंग कापता, मागे काहीच होत नाही. वाटतं कमी पडलं, अजून कापता. तेवढ्यात पहिलं कापलेलं मागे पोचतं, पाठोपाठ दुसरंही पोचतं, आणि घोडा, म्हणजे केबिनचा पुढचा भाग, न् मागची ट्रॉली कैचीसारखे दुमडायला लागतात. तिथे थांबला नाहीत तर कंटेनरचा कोपरा केबिनला लागतो आणि हवेचे पाइप ताणले जातात.

उस्तादांनी मला महामार्गालगतच्या एका ढाब्यामागे नेलं. तिथे मुरमाचं पटांगण आहे. काळ्या मातीत रिकामा ट्रेलरही फिरवता येत नाही, मागचे बारा टायर वळताना आडवे घासतात आणि जमीन उकरतात. पाण्याच्या रिकाम्या कॅन दोन ओळींत मांडल्या. पहिले दोन दिवस वळण नाहीच, नुसतं सरळ मागे. अ‍ॅक्सिलेटरला पाय लावायचा नाही, गाडी इंजिनच्या मंद चालीवरच सरकू द्यायची. मी भीतीपोटी क्लच अर्धा दाबून धरायचो. दुपारपर्यंत केबिनमध्ये जळका वास भरला. उस्तादांनी गाडी बंद करायला लावली आणि अर्धा तास सावलीत बसवलं.

हात कुठे ठेवायचा तेही त्यांनीच शिकवलं. स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला. "आता हात जिकडं नेशील तिकडं ट्रॉलीचं बूड जाईल. डोक्यानं उलटसुलट करत बसू नको." आणि सरळ ठेवायची खूण अशी की ज्या आरशात ट्रॉली जास्त दिसायला लागली त्याच बाजूला स्टेअरिंग थोडं द्यायचं. थोडं म्हणजे चार बोटं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मुरमावरच्या चाकोऱ्यांनी. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की टायरच्या खुणा स्पष्ट उठून दिसायच्या. उस्ताद मला त्या खुणांवरून चालत न्यायचे. सरळ जायला हवी होती ती रेघ नागासारखी गेलेली असायची. "हे पाह्य. इथं ट्रॉली निघाली. तुले कळलं इथं." दोन्ही जागांमध्ये सहा-सात पावलं. "आणि सोडलं कुठं?" आणखी पाच पावलं पुढे. वळण सुरू झालं की स्टेअरिंग सोडायचं, म्हणजे कापलेलं परत फिरवायचं असतं, घोडा ट्रॉलीच्या मागोमाग न्यायचा असतो, हे मला सांगून कळलं नव्हतं. त्या पावलांत ते मोजता आलं. रोज ती पावलं कमी होतात का ते मी पाहायचो.

तरी का होतं ते पोटात उतरलं नव्हतं. ते एका सुटीच्या दिवशी घरी उतरलं. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, बंडी (बैलगाडी) कोठ्याच्या ओसरीत उलटी लावत होते. वय झालं तरी बैल त्यांचंच ऐकतात. मी ओट्यावर बसून पाहत होतो आणि अचानक बंडीच्या जागी ट्रेलर दिसला. बैल मागे सारताना त्यांनी दोघांना एक पाऊल डावीकडे टाकायला लावलं, जू डावीकडे गेलं, आणि बंडीचं मागलं टोक उजवीकडे फिरलं. मग त्यांनी लगेच पुढचं पाऊल टाकू दिलं नाही. बैलांच्या वशिंडावर हात ठेवून थांबले, बंडी किती फिरली ते पाहिलं, मग पुढचं पाऊल. मी विचारलं, "आबाजी, थांबता काऊन?"

"मागचं येते ना बावा. त्याले येऊ दे."

तिथे जे जू, तेच इथे किंगपिन, म्हणजे ट्रॉली घोड्याला जोडणारा खुंटा. घोड्याचं बूड डावीकडे गेलं की ट्रॉलीचं उजवीकडे जाणारच. फरक एवढाच की आबाजी बैलांच्या पुढ्यात उभे राहून सगळी बंडी बघू शकतात, मला केबिनमधून अर्धीच दिसते.

म्हणून उजवी बाजू आणि डावी बाजू यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. ट्रॉली उजवीकडे वळवत आत घेतली तर खिडकीतून मान बाहेर काढून मागचं टायर डोळ्यांनी दिसतं. डावीकडे वळवली की ती बाजू आंधळी. शक्य तिथे मी आता आवाराला वळसा घालून येतो, दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पण प्लॅटफॉर्म माझ्या उजव्या हाताला हवा. नाहीच जमलं तर खाली माणूस उभा करतो, आणि एकच माणूस. जिनिंगमध्ये हमाल, चौकीदार, कापूस घेऊन आलेले शेतकरी सगळेच मदतीला ओरडतात, "येऊ दे, येऊ दे". मनापासून ओरडतात, पण चार जणांचं ऐकलं तर गाडी कुणाचीच राहत नाही. तो एक माणूस आरशातून दिसेनासा झाला की ब्रेक. तो पुन्हा दिसेपर्यंत गाडी हलत नाही.

पुढे ओढून पुन्हा सरळ करायला मला आधी फार संकोच वाटायचा. बघणाऱ्यांना वाटेल याला येत नाही. उस्तादांची या धंद्यात तीस वर्षं गेली, ते अजूनही दोन-दोनदा पुढे घेतात आणि प्रत्येक वेळी खाली उतरून मागे जाऊन बघतात. हे मी नीट पाहिलं तेव्हा संकोच गेला.

डिसेंबरात एका पहाटे त्याच जिनिंगला पोचलो. दव पडलं होतं आणि ओल्या आरशांवर कापसाचे तंतू चिकटले होते. मी दोन्ही आरसे रुमालाने पुसले. चालत गेटातून आत गेलो. नव्या विटांचा डावा खांब, डाव्या बाजूला कापसाची गंजी, समोर प्लॅटफॉर्म. जमिनीवर सांडलेल्या सरकीवर पाय घसरत होता, तेवढी झाडून घ्यायला सांगितली. कंटेनरची दारं अगोदरच उघडून बाजूंना अडकवली, कारण प्लॅटफॉर्मला चिकटल्यावर ती उघडत नाहीत. एकदा ते विसरून पुन्हा पुढे घ्यावं लागलं होतं. खांबापाशी चौकीदाराला उभं केलं आणि सांगितलं, "काका, तुमीच सांगा, दुसरं कोणी नाही."

उस्ताद बाजूच्या सीटवर होते. एक शब्द बोलले नाहीत.

हात खाली. डावीकडे जू, उजवीकडे बूड. थांबलो. ट्रॉली आली. स्टेअरिंग सोडलं आणि घोडा तिच्यामागे नेला. खांबाशी उतरून पाहिलं, वीतभर जास्तच जागा होती. एकदा पुढे घेतलं, सरळ केलं, पुन्हा मागे. रबराच्या पट्टीला कंटेनर टेकल्याचा मऊ धक्का सीटला जाणवला.

हॅन्डब्रेक ओढून मी मागे गेलो. हमालांनी प्लॅटफॉर्म आणि कंटेनरमधल्या फटीवर लोखंडी पत्रा टाकला. तो कुठेही तिरपा बसला नाही. एकशेसत्तर किलोची पहिली गाठ हातगाडीवरून त्या पत्र्यावर खडखडत आत गेली, आणि उस्ताद दोन कप चहा घेऊन आले.