तुमची मंडळी नेमकी कुणाची?

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, कुणाची हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुधा याच क्रमाने येतात. कॅथलिक का? नाही. मग प्रोटेस्टंट? शिकवणीने हो. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन? यातलं काहीच नाही, आमची मंडळी कोणत्याच पंथात नाही म्हटलं की समोरचा जरा सावध होतो. वर कुणी नाही, म्हणजे यांना जाब विचारणारंही कुणी नाही! ही शंका रास्त आहे, तिच्याकडे येतोच.

आमच्या मंडळीला बिशप नाही, मुख्यालय नाही, पाळकाची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूची, बदली करणारी समिती नाही. पाळक मंडळीच निवडते आणि शिकवण, शिस्त, पैसा यांची जबाबदारी 'वडिलां'च्या, म्हणजे मंडळीतल्या जाणत्या पुढाऱ्यांच्या, गटावर असते. एका माणसावर नाही. बायबलच्या नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' १४:२३ मध्ये पौल आणि बर्णबा हे सुरुवातीचे प्रचारक प्रत्येक मंडळीत वडील नेमतात, तेही अनेक. आमची सगळी रचना या एका वचनावर तोललेली आहे म्हटलं तरी चालेल.

हे खूळ नवं नाही. १८०४ मध्ये केंटकीत बार्टन स्टोन आणि त्यांच्या सहकारी पाळकांनी स्वतःचीच स्प्रिंगफील्ड प्रेस्बिटेरी, म्हणजे मंडळ्यांवर देखरेख करणारी संस्था, मोडली आणि तिचं चक्क मृत्युपत्र लिहिलं: ही संस्था मरो आणि ख्रिस्ताच्या शरीरात, म्हणजे सगळ्या ख्रिस्ती लोकांत, मिसळून जावो. गंमत अशी की त्याच चळवळीचे पुढे वेगवेगळे गट झाले आणि १९०६ च्या अमेरिकी धर्मगणनेत ते स्वतंत्र नोंदले गेले. पंथ नको म्हणता म्हणता पंथ झाला! तरी ओढ संपली नाही. अमेरिकेतल्या २०२० च्या अशाच एका गणनेत पंथाबाहेरच्या मंडळ्या ४४ हजारांहून अधिक आणि त्यांचे लोक २ कोटींहून अधिक निघाले.

फायदा काय, विचाराल तर लोक 'मोकळीक' म्हणतात. मला तो शब्द पुरेसा वाटत नाही. मोठा फायदा हा की निर्णय घेणारे आणि त्याची झळ सोसणारे एकाच उपासनेला बसतात. इमारतीचंच बघा. युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये स्थानिक मंडळी आपली वास्तू नियमाने पंथाची विश्वस्त म्हणून सांभाळते, म्हणजे अंतिम हक्क पंथाचा. समलिंगी विवाह आणि समलिंगी व्यक्तींना पाळकपदाची दीक्षा या वादातून २०१९ ते २०२३ दरम्यान अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या बाहेर पडल्या. वास्तू ठेवायची तर पंथाची ठरावीक वर्गणी आणि पाळकांच्या निवृत्तिवेतनाचा वाटा आधी भरावा लागला. वादात कोण बरोबर हा भाग वेगळा. पण छपरासाठी पैसे साठवले एकांनी आणि ते कुणाचं हे ठरवलं दुसऱ्यांनी, हे मला खटकतं. आमच्याकडे छप्पर गळलं तर पत्र कुणाला लिहायचं हा प्रश्नच नाही. गळतीही आमची, खर्चही आमचा.

दुसरं म्हणजे निरनिराळ्या परंपरांतून आलेली माणसं एका प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, येतात. बालपणी बाप्तिस्मा झालेले आणि मोठेपणी पाण्यात उतरलेले शेजारी बसतात आणि बाप्तिस्मा कधी घ्यावा हा प्रश्न शास्त्र उघडून भांडत बसायला आम्हाला भरपूर वेळ मिळतो.

आता ती शंका. वर कुणी नसणं धोक्याचं ठरू शकतं. सिएटलची मार्स हिल ही अशीच पंथाबाहेरची, अनेक शाखांची प्रचंड मंडळी. नेतृत्वाबद्दलच्या तक्रारी वाढल्या, २०१४ मध्ये प्रमुख पाळकाने राजीनामा दिला आणि काही महिन्यांत ती संस्थाच विसर्जित झाली. तिथेही वडील होते, हे लक्षात घ्या. म्हणून कुणी अशा मंडळीत जाऊ का विचारलं तर मी गाणी कशी आहेत ते सांगत बसत नाही. पाळकाला 'नाही' म्हणू शकेल असं कोण आहे, त्याचा पगार कोण ठरवतं, हिशेब सभासदांपुढे वाचला जातो का, एवढं विचारून घ्या म्हणतो. उत्तर द्यायला कुणी कचरलं तर तिथून निघा.

आणि तोटे आहेतच. पाळकाच्या निवृत्तीची सोय मंडळीलाच करावी लागते. वडिलांमध्येच फूट पडली तर दुसऱ्या मंडळीच्या वडिलांना बोलावता येतं, पण त्यांचा सल्ला कुणावर बंधनकारक नसतो. अशा वेळी बिशप असता तर बरं झालं असतं, असं माझ्याही मनात येतं.